साहेबाची बंदूक

जुनी छऱ्याची बंदूक माझ्याकडे येते तेव्हा ती बहुतेक वेळा गोणपाटात नाहीतर जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली असते. माळा आवरताना, वाटणीच्या वेळी, घर पाडायला काढल्यावर ती कुणाच्या तरी हाताला लागते. मग प्रश्न ठरलेले. कुठली आहे? किती जुनी? किंमत काय येईल? तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं शोधायला मला आवडतं. पण मला स्वतःला ध्यास लागलाय तो चौथ्या प्रश्नाचा. कारखान्यातून बाहेर पडल्यावर या बंदुकीला कुणाकुणाचे हात लागले? ती कुठे मोडली, कुणी सांधली, कशानं सांधली? माझं मत ठाम आहे: जुन्या एअरगनची ओळख तिच्यावरच्या शिक्क्यात जेवढी असते, त्याहून जास्त तिच्या दुरुस्त्यांत असते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर माझं निम्मं आयुष्य गेलं. पंपाचे शाफ्ट, ऑइल इंजिनाचे सुटे भाग, शेतकऱ्यानं पोत्यात घालून आणलेली कसली कसली मोडकी अवजारं. त्यातच जत्रेतल्या फुगेवाल्यांच्या बंदुका यायच्या. चैत्रात जोतिबाच्या यात्रेच्या तोंडावर तर हटकून. फुगे फोडायच्या स्टॉलवरची बंदूक जेवढं काम करते तेवढं कुठल्याही हौशी नेमबाजाची करत नसेल. सकाळपासून रात्रीपर्यंत माणसं रांगेत उभी राहून तिची नळी मोडत, म्हणजे छर्रा भरायला सांध्यात वाकवत असतात, त्यातली निम्मी पहिल्यांदाच बंदूक हातात धरत असतात. त्या बंदुका उघडता उघडता मला हे वेड लागलं. पुढं दुकान मुलाच्या हातात दिलं आणि मी कोपऱ्यातल्या एका बाकावर फक्त एअरगन घेऊन बसायला लागलो.

आलेल्या बंदुकीला मी सगळ्यात आधी कॅलिपर लावतो. नळीचं भोक ४.५ मिलिमीटरचं आहे की मोठं, हे आधी कळायला हवं. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे त्याहून मोठ्या भोकाच्या किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त जोराच्या एअरगनला परवाना लागतो. मोठ्या भोकाची निघाली तर मी ती हातात ठेवून घेत नाही, आधी कागदपत्रांचं बघा म्हणून सांगतो. त्यानंतर फडकं रॉकेलमध्ये भिजवून हलक्या हातानं अंग पुसायचं. पॉलिश पेपर लावायचा नाही, तारेचा ब्रश तर अजिबात नाही. मग खिडकीशी नेऊन बॅटरीचा उजेड बाजूनं, तिरपा पाडायचा. समोरून उजेड टाकला तर गंजाखालची अक्षरं दिसत नाहीत. तिरप्या उजेडात त्यांच्या कडा सावली धरतात. तरीही वाचता येत नसेल तर पांढरा खडू चोळायचा आणि बोटानं वरवर पुसायचं. खोलगट राहिलेल्या रेषांत खडू बसतो आणि कधी कधी साठ-सत्तर वर्षं कुणी न वाचलेला एखादा आकडा वर येतो. त्या क्षणासाठी मी अर्धा दिवस खर्ची घालायला तयार असतो.

आपल्या भागात सगळ्यात जास्त ओळख लागते ती एका देवीमुळे. रोमन शिकारदेवी डायना. एका हातानं बंदूक उंच धरलेली आणि दुसऱ्या हातातलं धनुष्य टाकून देणारी. जर्मनीतल्या रास्टाट गावात याकोब मायर आणि योसेफ ग्रामेलश्पाखर यांनी १८९० साली कारखाना काढला, त्याचा हा छाप. आता धनुष्याची गरज उरली नाही, असं ती देवीच जाहीर करते आहे. व्यापारचिन्ह इतकं विचारपूर्वक काढलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. शिक्का अगदी लहान असतो, गंज आधी तोच खातो, पण उचललेल्या हाताची एवढीशी रेघ जरी शिल्लक असली तरी जाणत्याला पुरते.

देवी दिसली म्हणजे बंदूक जर्मन, असं मात्र धरून चालत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर या कारखान्याची यंत्रसामग्री आणि डायना हे नावसुद्धा ब्रिटनमध्ये गेलं. स्कॉटलंडमधल्या मदरवेलच्या मिलार्ड ब्रदर्स या कंपनीनं ते घेतलं. लोक तिला मिलब्रो म्हणत. पुढची तीसेक वर्षं स्कॉटलंडमध्ये डायना बंदुका निघत राहिल्या, तीच देवी, तेच मॉडेलचे आकडे. तिकडे रास्टाटचा मूळ कारखानाही पुन्हा उभा राहिला, पण ब्रिटनमध्ये माल विकताना त्याला स्वतःचंच नाव वापरता येईना. तिथं तो ‘ओरिजिनल’ या नावानं विकू लागला. नाव परत घरी यायला १९८० चं दशक उजाडलं. म्हणजे मधल्या काळातल्या दोन बंदुका बाकावर शेजारी ठेवल्या तर दोन्हींवर २७ हा आकडा असू शकतो, दोन्हींवर देवी असू शकते, आणि एक जर्मनीची तर दुसरी स्कॉटलंडची.

मग फरक कसा करायचा? चापाचा भाग उघडून. स्कॉटलंडच्या बंदुकांत युद्धापूर्वीचीच साधी, खाचेत अडकणारी रचना राहिली, कारण साचे जुने होते. रास्टाटमध्ये युद्धानंतर जी नवी रचना आली तिच्यात पिस्टनच्या दांड्याला तीन पोलादी गोळ्या धरून ठेवतात. चाप ओढला की भोवतालची बांगडी सरकते, गोळ्यांना बाजूला व्हायला जागा मिळते आणि दांडा सुटतो. हे काम इतकं मऊ होतं की बोटाला कळतही नाही बंदूक नेमकी कधी सुटली. त्या गोळ्या मी पहिल्यांदा तळहातावर घेतल्या तेव्हा कितीतरी वेळ नुसता बघत राहिलो होतो. यंत्रावर ज्याचं पोट आहे त्याला असं काही दिसलं की समोर नसलेल्या त्या कारागिराला नमस्कार करावासा वाटतो.

बीएसएच्या बंदुकाही येतात. आपल्याकडे हे नाव सायकलमुळे घरोघरी माहीत आहे, पण त्याचा मूळ अर्थ बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १९०४ मध्ये लिंकन जेफ्रीज यांनी एअर रायफलचं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षापासून बीएसएनं ती बनवायला घेतली. बोअर युद्धानंतर इंग्लंडमध्ये सामान्य माणसाला नेमबाजी शिकवायची लाट आली होती. गावोगावच्या दारूच्या गुत्त्यांमधून एअरगनचे क्लब निघाले. लोखंडी पत्र्याला मधोमध बारीक भोक, त्याच्या मागे घंटा. छर्रा भोकातून गेला तरच घंटा वाजायची. एकमेकांना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींचा छाप दिसला की बंदूक बीएसएची. आणि एक आपल्या मातीतलं नाव सांगायलाच हवं, आयएचपी. इंडियन ह्यूम पाइप. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये काढलेली, सिमेंटचे नळ करणारी ही कंपनी एअर रायफलीही करत असे. आयात माल मिळेनासा झाल्यावर देशी बंदुकांनी ती जागा भरून काढली. त्या बहुतेक डायनाच्या धर्तीवर बेतलेल्या. लोक त्यांना नक्कल म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. पाणीपुरवठ्याचे नळ ओतणाऱ्या कंपनीनं बंदुकीची नळी करून दाखवावी, यात मला अभिमानाचीच गोष्ट दिसते.

पण शिक्के, आकडे, छाप ही झाली बाहेरची ओळख. खरी गंमत सिलिंडर उघडल्यावर.

या बंदुकीत हवा साठवलेली नसते. नळी मोडली की आतली स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टन मागे अडकतो. चाप ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते, त्याच्या पुढची हवा दाबली जाते, बारीक भोकातून छऱ्याच्या मागे जाते आणि त्याला हाकलून देते. सगळं पापणी लवायच्या आत. या सगळ्याचा जीव कशात असेल तर पिस्टनच्या तोंडाशी बसवलेल्या चामड्याच्या वाटीत. ती सुकली, चिरली की बंदुकीतला दम जातो. तेल जास्त झालं तर तेच तेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं पेटतं, धूर येतो आणि फटाक्यासारखा आवाज होतो. पोरांना ते आवडतं, स्प्रिंगला सोसत नाही.

कारखान्यातली वाटी एकसारख्या जाडीची, साच्यात दाबलेली. आपल्याकडे आलेल्या जुन्या बंदुकांत मात्र ती क्वचितच सापडते. सापडतं ते इथलंच चामडं. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं, तांबूस, जाड. कोल्हापुरी चपलेला लागतं तेच. कडा रापीनं कापलेल्या, त्यामुळं बारकाईनं पाहिलं तर कुठं हात फिरला आणि कुठं थांबला हे कळतं. चामडं भिजवायचं, पाइपच्या तुकड्यात दाबून वाटीचा आकार द्यायचा, सावलीत वाळवायचं, रात्रभर तेलात ठेवायचं. असल्या वाटीला नाक लावलं तर तेलाच्या वासाखाली अजून हिरड्याचा तुरट वास येतो. बर्मिंगहॅमच्या किंवा रास्टाटच्या बंदुकीच्या पोटात आमच्या सुभाषनगरातल्या कुणा चर्मकाराची रापी फिरलेली असते, आणि त्याचं नाव कुठंच कोरलेलं नसतं. मी अशी वाटी बदलतो तेव्हा जुनी टाकत नाही. छोट्या पाकिटात घालून, वर बंदुकीचं नाव लिहून मालकाच्या हातात देतो. काहीजण परत देतात, म्हणतात, हे कशाला? मी ठेवून घेतो.

वापरही बोलतो. नळी किंचित वर वाकलेली असेल तर कुणीतरी नळी मोडलेल्या अवस्थेत चाप ओढला होता. स्प्रिंगच्या जोरानं नळी फाडकन मिटली आणि वाकली. दस्त्याच्या डाव्या बाजूला गालाच्या उंचीवर लाकूड गुळगुळीत झालेलं असेल तर उजवा हात चालवणारा माणूस, आणि बराच काळ एकच माणूस. उजव्या बाजूला असेल तर डावखुरा. बारीक ओरखडे एकाच अंतरावर, एकाच दिशेनं असतील तर बंदूक रोज कुठल्या तरी खिळ्याला टांगली जात होती.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती अमेरिकेतली आहे. तिच्यामुळे माझ्या या मताला पक्का आधार मिळाला.

१८०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी मेरीवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांना मिसुरी नदीच्या वरच्या अंगानं पॅसिफिक महासागरापर्यंतची वाट शोधायला पाठवलं. लुईसनं बरोबर एक हवेची बंदूक घेतली होती. ऑगस्टच्या अखेरीला पिट्सबर्गहून नाव निघाली आणि थोड्याच अंतरावर एका बेटावर लोकांना ती दाखवताना दुसऱ्याच्या हातून चुकून सुटली. गोळी एका बाईच्या कानशिलाला चाटून गेली. सुदैवानं जखम वरवरची निघाली. पुढच्या प्रवासात जिथं जिथं मूळ रहिवाशांच्या टोळ्या भेटल्या तिथं तिथं लुईसनं ही बंदूक चालवून दाखवली. धूर नाही, ठिणगी नाही, दारू नाही, तरी गोळी लागते, हे बघून लोक थक्क व्हायचे. दैनंदिनीत हे प्रसंग पुन्हा पुन्हा आले आहेत. बंदूक कुणी बनवली होती, हे मात्र त्यानं कुठंच लिहिलं नाही.

पुढं जवळपास दोनशे वर्षं हा प्रश्न लोंबकळत राहिला. फिलाडेल्फियात आयझाया लुकेन्स नावाचे घड्याळजी होते, ते एअरगनही बनवत. त्यांच्या मृत्यूनंतर १८४७ मध्ये त्यांच्या मालमत्तेचा लिलाव झाला, त्या यादीत लुईस आणि क्लार्कसाठी बनवलेल्या व त्यांनी वापरलेल्या एका मोठ्या एअरगनचा उल्लेख होता. १९७० च्या दशकात अभ्यासकांनी त्यावरून माग काढला आणि व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटच्या संग्रहातली लुकेन्सची बंदूक हीच ती, असं मानलं जाऊ लागलं. कागद होता, नाव होतं, सगळं जुळत होतं.

पण थॉमस रॉडनी नावाच्या एका माणसानं १८०३ च्या सप्टेंबरात ओहायो नदीवर लुईसची गाठ घेतली होती आणि ती बंदूक पाहून आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं होतं. त्यानं लिहिलं ते एकामागून एक गोळ्या सुटणाऱ्या, एका वेळी २२ गोळ्या भरून ठेवता येणाऱ्या बंदुकीबद्दल. लुकेन्सच्या बंदुकीत एका वेळी एकच गोळी बसायची. मायकल कॅरिक या अभ्यासकानं हा विसंवाद पुढं आणला. त्या काळात अशी गोळ्यांची पेटी असलेली हवेची बंदूक म्हटलं की एकच नाव पुढं येतं, जिरांदोनी. बार्थोलोमेउस जिरांदोनी या टिरोलमधल्या कारागिरानं ती १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी केली होती. तिचा लोखंडी दस्ता म्हणजेच हवेची टाकी. ती पूर्ण भरायला हातपंपाचे सुमारे १५०० दट्टे मारावे लागत. बाजूला गोळ्यांची नळी. बंदूक जरा वर उचलून ठोकळा दाबला की पुढची गोळी जागेवर. नेपोलियनच्या आधीच्या काळात हे कुणी घडवलं, ही गोष्ट मला आजही विश्वास बसू नये अशी वाटते.

अशी एक जिरांदोनी रॉबर्ट बीमन यांच्याकडे होती. एअरगनच्या जगात हे मोठं नाव. त्यांनी स्वतःच आधी लुकेन्सच्या बाजूनं लिहिलं होतं. अर्नेस्ट कोवन आणि रिक केलर या दोन कारागिरांनी हुबेहूब प्रतिकृती करण्यासाठी बीमन यांची बंदूक पूर्ण उघडली. त्यांना तिच्यात जागोजागी दुरुस्त्या दिसल्या. सगळ्यात महत्त्वाची होती मुख्य स्प्रिंग. ती मूळची नव्हती. नालबंदाच्या कानशीपासून, म्हणजे घोड्याचे खूर घासायच्या कानशीपासून, हातानं घडवलेली होती. आता लुईसची दैनंदिनी काढा. १० जून १८०५, मरायस नदीकाठचा मुक्काम: तुकडीतल्या शील्ड्सनं माझ्या एअरगनची मुख्य स्प्रिंग नवी करून दिली. जॉन शील्ड्स हा त्या तुकडीचा लोहार. रानात, सगळ्या वस्तीपासून शेकडो मैल लांब, त्याच्याजवळ पोलाद म्हणून काय असणार? कानसच.

ती बंदूक लुईसचीच, असं शपथेवर कुणी सांगू शकत नाही. तरी तिच्या बाजूनं उभा राहिलेला पुरावा इतका जड आहे की बीमन यांनी आपलं जुनं मत सोडलं, आणि बंदूक पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या आर्मी वॉर कॉलेजला देऊन टाकली. लुकेन्सच्या बाजूला छापील यादी होती. जिरांदोनीच्या बाजूला एका लोहारानं घासून बसवलेली पट्टी होती. मधल्या दोनशे वर्षांत कुणी तिला चांगली करायची म्हणून ती ओबडधोबड स्प्रिंग काढून मूळ बरहुकूम नवी घातली असती, तर आज ती ऑस्ट्रियातून आलेल्या कित्येक बंदुकांपैकी एक असती, इतकंच.

हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. बफिंगला टाकू नका. लाकडाला चकचकीत पॉलिश मारू नका. काय मोडलंय ते मी बघतो, कुणी जोडलंय ते राहू द्या.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी पन्हाळ्याच्या बाजूचा एक मुलगा आला. नोकरी पुण्यात, गावातलं जुनं घर पाडून नवं बांधायचं चाललेलं. गोणपाट सोडत म्हणाला, “काका, ही साहेबाची बंदूक. पणजोबांना इंग्रज साहेबानं शिकारीवर खूश होऊन दिलेली. नवीकोरी करून द्या, हॉलमध्ये काचेच्या पेटीत लावायची आहे.”

देवीचा अर्धा हात दिसत होता. २७ हा आकडा खडूनं वर आला. देशाचं नाव गंजानं पार खाल्लेलं. दस्ता मागून चांगला दोन बोटं आखूड, करवतीच्या खुणा तशाच. आणि सिलिंडरच्या डाव्या अंगाला, अगदी मागे, पितळेनं डाग देऊन बसवलेली एक पट्टी आणि तिच्यात लोखंडी कडी. “हे असलं काढून टाका,” तो म्हणाला, “आणि दस्ता नवा करा, पूर्ण लांबीचा. कुणा लहान पोरासाठी कापलेला दिसतोय.”

मी चापाचा भाग उघडला. तीन पोलादी गोळ्या. म्हणजे रास्टाट, आणि युद्धानंतरची. ही रचना निघाली तोवर इंग्रज साहेब केव्हाच बोटीनं गेला होता. हे त्याला मी सरळ सांगितलं, तेव्हा तो गप्प झाला. घरात तीन पिढ्या सांगितली गेलेली गोष्ट होती. मी एवढंच म्हटलं, “घरात कुणी मोठं माणूस असेल तर एकदा घेऊन या.”

तो आजींना घेऊन आला. नऊवारी, हातात काठी, पण नजर धारदार. बंदूक बाकावर पाहिली आणि त्या आधी हसल्याच.

“कुठला सायेब आन् कुठलं काय! गुळाला भाव लागला त्या साली ह्यांनी मुंबईस्नं आणली. शाळवाची राखण करायला. गोफणीनं हात भरून यायचा माझा.”

“तुमचा?” नातवानं विचारलं.

“मग कुणाचा? ह्ये गुऱ्हाळावर असायचं. माळ्यावर मीच बसायची की.”

पक्ष्यांबद्दल मी विचारायला कचरत होतो. या बंदुकांनी किती पाखरं मारली आहेत याची जाणीव मला बाकावर बसल्या बसल्या सारखी असते. मुंबईत लहानपणी सलीम अली यांनी अशाच एअरगननं एक पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली, तिची ओळख विचारायला १९०८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि त्यातून देशाला एवढा मोठा पक्षीतज्ज्ञ मिळाला. पण प्रत्येक पोरगा मारलेलं पाखरू घेऊन ओळख विचारायला जात नाही. अरुणाचलात २०२१ च्या मार्चपासून लोकांना एअरगन परत करायचं आवाहन झालं आणि दोन हजारांहून जास्त बंदुका जमा झाल्या, तेव्हा एअरगनवर इतकं प्रेम असूनही मला मनापासून बरं वाटलं होतं. रानात तिचं काम नाही.

आजींना न विचारताच कळलं असावं. “एखादं पाखरू लागायचं बी,” त्या म्हणाल्या. “पण मी रॉकेलचा रिकामा डबा टांगलेला मेढीला. त्येच्यावर मारायची. ठण्ण वाजलं की रान मोकळं.” इंग्लंडातल्या गुत्त्यांमध्ये घंटेवर नेम धरणाऱ्यांची आणि या बाईची कधी गाठ पडायची शक्यता नव्हती. मला मात्र ते सगळे एकाच क्लबाचे सभासद वाटले.

मग त्यांनी दस्त्याच्या कापलेल्या टोकावर तळवा ठेवला. “हे सुतारानं माझ्यासाठी कापलंय. खांद्याला लावली की हात चापापतूर पोचत न्हवता. ह्येंनी आधी नगं म्हटलं, जर्मनची बंदूक हाय म्हणून. मग स्वतःच घेऊन गेलं सुताराकडं.” आणि कडी? “सायकलवरनं न्यायला पट्टा लागायचा. लोहारानं डाग दिलाय.”

नातू त्या आखूड दस्त्याकडे बघत उभा होता. आजीनं कधी बंदूक हातात धरली होती हेच त्याला ठाऊक नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

एक गोष्ट राहिली होती. रास्टाटच्या बंदुकांवर बनवल्याचा महिना आणि साल बारीक आकड्यांत ठोकलेलं असतं, सिलिंडरच्या डाव्या अंगाला, मागच्या टोकाशी. म्हणजे नेमकं त्या पट्टीच्या खाली. पट्टी तापवून उतरवली तर बंदुकीचं साल मिळण्याची चांगली शक्यता होती. गुळाला भाव लागला ते साल कुठलं, तेही कळलं असतं. मी दोघांना तसं सांगितलं आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. मला स्वतःला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही, पण बहुतेक माझ्या चेहऱ्यावर दिसत असावं.

“साल घेऊन काय करायचंय?” आजी म्हणाल्या. नातवानं थोडा विचार केला आणि मान हलवली. काचेची पेटी करायची तर आखूड दस्त्याच्या मापानंच करू, असं त्यानंच ठरवलं.

नवी चामड्याची वाटी घातली, स्प्रिंग बदलली, जुनी पाकिटात बांधून दिली. माझ्या वहीत नोंद अशी आहे: डायना २७, रास्टाट, युद्धानंतरची. नळी ४.५ मिमी. कडी गावच्या लोहाराची, ठेवली. दस्ता दोन बोटं आखूड, मालकिणीच्या मापाचा, हात लावलेला नाही. साल पट्टीखाली.